वनमालाच्या अंगातलं वारं

भूमच्या तहसील कचेरीतले कारकून राघवेंद्र यांनी आपल्या बायकोला भर बाजाराच्या दिवशी अडतीच्या काट्यावर उभं केलं होतं, ही गोष्ट आधी सांगायला हवी. कारण पुढं जे झालं त्याबद्दल गावातली माणसं देवीपासून नशिबापर्यंत सगळ्यांना जबाबदार धरतात, पण त्या काट्याचं नाव कुणी काढत नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षीची ही हकिकत. किलोची वजनं कचेरीत येऊन पडली होती, पण अडतीवर अजून मण आणि शेरच चालत, चाळीस शेरांचा एक मण. ज्या पारड्यात ज्वारीची पोती चढायची, त्या पारड्यात डोक्यावरचा पदर सावरत वनमाला उभी राहिली. दुसऱ्या पारड्यात हमालानं मणाची वजनं टाकली, मग शेराची टाकली, आणि पोत्याचा पुकारा करायचा त्याच सुरात ओरडला, "दोन मण आठ शेर!" बाजार हसला. राघवेंद्र हसले नाहीत, पण त्यांनी खिशातनं कागद काढून आकडा मात्र लिहून घेतला. कारकुनाचा स्वभाव, बायकोचीही नोंद ठेवायची.

हे काट्याचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते तहसीलदारांच्या घरच्या सत्यनारायणाला. नव्यानं रुजू झालेल्या एका पोरसवदा कारकुनानं वनमालाला वाकून नमस्कार केला आणि राघवेंद्रांना विचारलं, "मातोश्री का?" वनमाला तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. प्रश्न विचारणाऱ्याच्या डोळ्यांत दोष होता, पण घरी येऊन बोलणी कुणी खाल्ली? वनमालानं.

आणि ती जाड झाली कशानं, तेही ऐका. थोरली प्रेमला सहा वर्षांची. तिच्या पाठीवर झालेलं मूल दहाव्या दिवशी गेलं. मूल गेलं तरी बाळंतपण उरलंच होतं, म्हणून सासूनं, म्हणजे गिरिजाबाईंनी, सुनेला खोलीत बसवून डिंक, आळीव, खोबरं आणि साजूक तूप असं चार महिने चारलं. वनमालाला घास उतरत नव्हता. गिरिजाबाई म्हणायच्या, "खा, बाळंतिणीनं नाही म्हणू नाही." तिनं खाल्लं. वर्षभरानं चोळ्या अंगात जाईनात, तेव्हा याच गिरिजाबाई ओसरीवर बसून शेजारणींना सांगायला लागल्या, "काय गं बाई ही खादाड सून पडली पदरात!" असा संताप येतो हे सांगताना, पण वनमालाला तेव्हा नुसतं रडू यायचं.

राघवेंद्र तिला एसटीनं बार्शीला एका बड्या डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टरनं तिच्याकडं एकदा बघितलं, नाडीला हातसुद्धा लावला नाही, आणि पिवळ्या गोळ्यांची बाटली लिहून दिली. सकाळी एक, दुपारी एक. भूक मरेल, अंगात तरतरी येईल. वनमालानं हळूच विचारलं, "किती दिवस घ्यायच्या?" डॉक्टरनं उत्तर राघवेंद्रांना दिलं, "बारीक होईपर्यंत." नंतर काय, हे डॉक्टरनं सांगितलं नाही आणि राघवेंद्रांनी विचारलंही नाही. बाटली संपली की दुसरी आणायची, एवढंच त्यांना कळलं.

गोळीनं काम केलं, त्यात वादच नाही. आठ दिवसांत वनमालाची भूक अशी गेली की समोरचं ताट तिला दुसऱ्याचं वाटायला लागलं. झोपही गेली. ती झुंजुमुंजूच्या आधी जात्यावर बसायची, दोन घरचं दळण दळायची, अंगण सारवायची, मग जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवायला घ्यायची. बोलायला लागली की थांबायची नाही. गिरिजाबाईंनी धुण्याभांड्याची बाई काढून टाकली, पहाटे उठायचंही सोडून दिलं. पुन्हा अडतीच्या काट्यावर वारी झाली तेव्हा एक मण पस्तीस शेर भरले. राघवेंद्र तिला घेऊन लग्नकार्यांना जायला लागले. एका बाईच्या जिवावर घरातली तीन माणसं सुखात होती, आणि ती बाई दिवसाकाठी अर्धी भाकरी खात होती.

मग नवरात्र आलं. घट बसले. बाकीच्या बायका उपासाला साबुदाणा, शेंगदाणे, रताळी खात होत्या, आणि वनमाला नऊ दिवस पाण्यावर राहिली. तिला त्यात काहीच जड गेलं नाही, कारण भूक नव्हतीच. पण गल्लीत बोलबाला झाला. अष्टमीला शांताक्काचा आराधी बायकांचा मेळा घरी आला. शांताक्का ही त्या भागातली जुनी आराधीण, गळ्यात कवड्यांची माळ, हातात देवीचा जळता पोत. संबळ वाजायला लागला, झांज सुरू झाली, आणि वनमालाची छाती, जी आधीच दिवसभर धडधडत असायची, त्या ठेक्यावर अशी उडायला लागली की तिचं सगळं अंग थरथरलं, डोळे मोठे झाले, दातावर दात करकर वाजायला लागले.

"वारं आलं! माझ्या सुनेच्या अंगात देवी आली!" गिरिजाबाई ओरडल्या आणि त्यांनीच पहिलं कुंकू लावलं.

शांताक्का मात्र कुंकू लावायला पुढं आली नाही. तिनं बराच वेळ बघितलं आणि निघताना एवढंच बोलली, "वारं आलं की उतरतंय बी. हिचं उतरतच न्हाय की वो, गिरिजाबाई."

पण गिरिजाबाईंना ते ऐकायचंच नव्हतं. दर मंगळवारी ओसरीत पाट मांडला जाऊ लागला. हरवलेला बैल, अडलेली लेक, न नांदवणारा जावई, जिचं जे दुखणं असेल ते घेऊन बायका यायच्या. वनमाला पाटावर बसून भराभर बोलायची, त्यातलं काही खरं निघायचं, उरलेलं लोक विसरायचे. खोटं कशाला बोला, तिलाही ते थोडं आवडलं होतं. ज्या बायका काट्यावर हसल्या होत्या त्या आता तिच्या पायाला हात लावत होत्या. मंगळवारी दुपारची गोळी गिरिजाबाई आठवणीनं द्यायच्या. देवीच्या नैवेद्यापेक्षा त्यांना गोळीची आठवण पक्की होती, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

कार्तिकात एका सकाळी प्रेमला पाटीवर बाराखडी गिरवत होती आणि पेन्सिल करकर वाजत होती. त्या आवाजानं वनमालाच्या मस्तकात असं काही झालं की तिनं पोरीच्या कानशिलात दिली. पोर रडली नाही, नुसती भिंतीला सरकून बसली आणि आईकडं बघत राहिली. वनमालाला स्वतःच्या हाताची शरम वाटली. ती कळशी घेऊन आडावर गेली आणि दुसऱ्याच पोहऱ्याला चक्कर येऊन पडली.

बायकांनी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरची जागा वर्षातले दहा महिने रिकामी असायची, त्यामुळं दवाखाना खरा चालवायचे ते कंपाउंडर जैनोद्दीन. निजामाच्या अमदानीपासून सगळं भूम त्यांना चाचा म्हणायचं. त्यांनी तिची नाडी धरली, घड्याळ बघितलं, पुन्हा धरली.

"बेटी, तू खातेस काय?"

"काही नाही, चाचा."

"मग घेतेस काय?"

तिनं कनवटीची पुडी काढून दाखवली. जैनोद्दीनचाचांनी गोळी तळहातावर घेतली आणि त्यांचा चेहराच बदलला.

"या अल्ला! लढाईच्या वक्ताला मी फौजेच्या दवाखान्यात होतो. पहाऱ्यावरच्या जवानांना जागं ठेवायला ही देत होते. ही तुला जाडी कमी करायला दिली? आणि नाडी न बघता?" त्यांनी चिडून पुडी टेबलावर आपटली. "बंद कर. पण एकदम नको. आठ दिवस फक्त सकाळची घे, मग आठ दिवस अर्धी, मग बंद. आणि रोज नाडी दाखवायला इथं यायचं."

"बंद केली तर काय होईल, चाचा?" हा प्रश्न तिनं पाच महिन्यांत पहिल्यांदा कुणाला तरी विचारला होता, आणि पहिल्यांदाच तिला त्याचं उत्तर मिळालं.

"झोप येईल, अशी की घर पेटलं तरी उठणार नाहीस. झोपायचं. भूक येईल, पाच महिन्यांची सगळी भूक एकदम येऊन बसेल. खायचं, पण वेळेवर, थोडं थोडं. आणि उदासी येईल, ती सगळ्यात खराब. वाटेल की कशातच काही राहिलं नाही. मोठे मोठे जवान पोरांसारखे रडताना पाहिलेत मी. तेव्हा याद ठेव, ते गोळीचं उतरणं आहे. पंधरा दिवस, लई तर महिना. एकटी बसू नकोस, आणि लई वाईट वाटलं तर वेळ न बघता इकडं ये."

"आणि वजन?"

"येईल. सगळं नाही, पण बरंच येईल. तुझ्याशी लबाड कशाला बोलू? उपाशी ठेवलेलं अंग आपलं परत घेतंच. त्यात तुझा गुन्हा काही नाही, बेटी."

वनमाला त्या बाकावर बसून पोटभर रडली. मग घरी गेली आणि सगळं जसंच्या तसं सांगितलं.

राघवेंद्र म्हणाले, "बार्शीचा डॉक्टर मोठा का भूमचा कंपाउंडर मोठा?" गिरिजाबाई म्हणाल्या, "मंगळवारचं काय करायचं मग?" तुझी छाती कशी आहे, हे मात्र दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. घरात गाय आजारी पडली असती तर तिच्या तोंडाजवळ तरी कुणी गेलं असतं.

तरी वनमालानं गोळी सोडली. चाचांनी सांगितलं तशीच सोडली, आणि त्यांनी सांगितलं तसंच झालं. ती चुलीपुढं बसल्या बसल्या झोपायला लागली. उठली की भूक लागायची, आणि ती भूक लाज सोडून लागायची. डब्यातला गूळ ती उभ्यानं खायची आणि मग त्याच डब्यावर डोकं टेकून रडायची. काही दिवस तर तिला प्रेमलाच्या वेण्यासुद्धा घालाव्याशा वाटल्या नाहीत. पण दवाखान्यात रोज जायची. चाचा नाडी मोजायचे, म्हणायचे, "कालच्याहून बरी आहे," आणि त्या एका वाक्यावर ती दुसरा दिवस काढायची.

घरात मात्र जणू तिनं दरोडा घातला होता. जात्याचं दळण पडून राहिलं, अंगण सारवायचं राहिलं, आणि जे काम तिनं कधी एकटीनं करायला नकोच होतं त्याचा जाब तिलाच विचारला जाऊ लागला. राघवेंद्र तिच्या ताटातल्या भाकरी मोजायला लागले. मोठ्यानं मोजायचे नाहीत, नुसते बघायचे, पण मोजणाऱ्याची नजर खाणाऱ्याला कळते. गिरिजाबाई मंगळवारी आलेल्या बायकांना सांगायच्या, "देवी विसाव्याला गेलीय, येईल." आणि आत येऊन सुनेला म्हणायच्या, "भ्रष्टलीस तू. खाऊन खाऊन देवी घालवलीस."

महिना झाला. मळभ हळूहळू हटलं. एक दिवस प्रेमला पडलेल्या दातातनं शीळ वाजवायला बघत होती, ते बघून वनमालाला हसू आलं, आणि आपण हसलो याचंच तिला नवल वाटलं. अंग भरत चाललं होतं, चोळी पुन्हा तटतटत होती, पण छाती शांत होती आणि रात्रभर झोप लागत होती. एवढं पुष्कळ आहे असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

त्याच सुमाराला गिरिजाबाई एकाएकी मऊ झाल्या. रोज सकाळी पूजा झाली की देवघरातनं पंचपात्र घेऊन स्वतः तिच्यापाशी यायच्या. "देवीचं तीर्थ घे गं, बरं वाटेल." तुळस आणि कापराचा वास, चव कडवट. सासू एवढी मायेनं देतेय म्हणून वनमाला डोळे मिटून घ्यायची. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की तोंडाला कोरड पडतेय. त्या दिवशी दुपारचं ताट तिला पुन्हा दुसऱ्याचं वाटलं. पाचव्या दिवशी, सोमवारी, छाती धडधडायला लागली. ती देवघरात गेली आणि पंचपात्र उजेडात धरून बघितलं. तळाला पिवळा गाळ बसला होता.

बायकोला फसवून तिच्या पोटात औषध घालायचं, आणि तेही देवाच्या नावाखाली! वनमाला हे पंचपात्र घेऊन ओसरीत आली तेव्हा राघवेंद्र कचेरीची टोपी घालत होते. त्यांनी पंचपात्राकडं बघितलं आणि टोपी उगाच दोनदा नीट केली. बार्शीहून बाटली दुसरं कोण आणणार होतं?

"आईचा मान राहिला पाहिजे ना गावात," ते पुटपुटले. "आणि तुझ्याही भल्याचंच आहे. बघ, पुन्हा कशी व्हायला लागलीस."

"आत्याबाई," वनमालानं ओसरीत बसलेल्या सासूला विचारलं, "म्हणजे अंगात येतं ते गोळीनं येतं, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

गिरिजाबाई जराही डगमगल्या नाहीत. "देवीनं कशावर बसून यावं ते देवी ठरवते. वाघावर बसून येते, तर गोळीवर बसून का येऊ नाही?"

वनमालाला आयुष्यात पहिल्यांदा रडू न येता राग आला, आणि रागात ती अगदी गप्प झाली. गिरिजाबाईंना वाटलं, पटलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. देवी परतली असा निरोप गिरिजाबाईंनी सकाळपासूनच फिरवला होता. शांताक्काचा मेळाही बोलावला होता. तीसएक बायका ओसरीत दाटीवाटीनं बसल्या, राघवेंद्र दाराशी उभे राहिले. संबळ सुरू व्हायच्या आधी गिरिजाबाई पंचपात्र घेऊन पुढं आल्या.

"घे, तीर्थ घे."

वनमालानं पंचपात्र दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि तसंच त्यांच्यापुढं धरलं. "आत्याबाई, तुम्ही वडील. आधी तुम्ही घ्या."

"मी सकाळीच घेतलंय."

"तीर्थच आहे. दोनदा घेतलं म्हणून काय बिघडतं?"

"मला नको आत्ता," गिरिजाबाई म्हणाल्या. भरल्या घरात देवीचं तीर्थ नको म्हणणारी बाई त्या बायकांनी कधी बघितली नव्हती.

वनमालानं दाराकडं वळून राघवेंद्रांपुढं पंचपात्र धरलं. ते म्हणाले, "मला कचेरीत परत जायचंय," जसं काही तीर्थ घेऊन कचेरीत जाता येत नव्हतं. प्रेमला आजीच्या मांडीला टेकून उभी होती. सगळ्यांना चाललंय तर आपल्यालाही मिळेल, असं वाटून तिनं उजव्या हाताचा तळवा खोलगट करून पुढं केला. वनमालानं एका हातानं लेकीचं मनगट घट्ट धरून ठेवलं. तिच्या पोटात एक थेंबही जाऊ द्यायचा नव्हता. पण पंचपात्र तिनं खाली ठेवलं नाही, ती गिरिजाबाईंकडं बघत राहिली.

"नको!" गिरिजाबाई किंचाळल्या. "लेकराला देऊ नको ते!" आणि त्यांनी हाताच्या फटक्यानं पंचपात्र उडवलं. ते घरंगळत शांताक्काच्या पायापाशी गेलं.

शांताक्का वाकली, पंचपात्र उचललं, तळाच्या गाळाला बोट लावलं आणि बोटाचा वास घेतला. मग ती सावकाश म्हणाली, "का वो गिरिजाबाई, देवीच्या तीर्थात असं काय हाय, जे नातीला चालत न्हाय अन् सुनंला चालतंय?"

गिरिजाबाईंनी पदर तोंडाला लावला. राघवेंद्र दारातनं निघायला बघत होते, पण दारातही बायकाच बसल्या होत्या आणि त्यातली एकही सरकली नाही.

"म्या चाळीस वरसं देवीची सेवा केली," शांताक्का वनमालाकडं वळून म्हणाली. "उपाशी मारून कुणाच्या अंगात आलेली देवी म्या न्हाय बघितली. लेकी, तुला काय व्हतंय?"

वनमालानं सांगितलं. काट्यापासून तीर्थापर्यंत सगळं, तीस बायकांसमोर, आवाज न चढवता सांगितलं. बाजारात हसलेल्या बायका मान खाली घालून ऐकत होत्या. बोलून झाल्यावर तिला अगदी थकल्यासारखं झालं. दुपारपर्यंत पोटात काही गेलं नव्हतं आणि सोमवारच्या तीर्थाचा अंमल उतरत चालला होता.

"भूक लागली," ती म्हणाली.

गिरिजाबाई हलल्या नाहीत. शांताक्कानं दाराकडं बघितलं. "मालक, उभं काय ऱ्हायलाव? पान वाढा."

राघवेंद्रांना स्वयंपाकघरात भाकरी कुठं झाकून ठेवतात हे माहीत नव्हतं, ते प्रेमलानं दाखवलं. त्यांनी ताट आणून बायकोच्या पुढं ठेवलं, दोन भाकरी आणि पिठलं. वनमाला त्याच पाटावर बसून, सगळ्या गावासमोर, सावकाश जेवली. दोन भाकरी संपल्यावर तिनं मान वर करून नवऱ्याकडं बघितलं.

"अजून एक आणा," ती म्हणाली, "आणि मोजायची असेल तर मोठ्यानं मोजा."